काचेआडचं ऊन

विलासचा फोन आला तेव्हा मी जाफराबादला माझ्या अंगणात तूर वाळत घालत होते. "मावशी, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. अक्का म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण. तिला सगळं घर अक्काच म्हणायचं, पोटचा मुलगासुद्धा. तूर तशीच टाकून मी भिंतीला टेकले. अंगावर छान ऊन येत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या उन्हाचा राग आला.

अक्काचं सारं आयुष्य उघड्यावर गेलं, कपाशीत नाहीतर अंगणात. गावात कुणाकडे बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं. पाय लांब करून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं टाकायची, कोमट तेल चोळायची आणि मग कोवळ्या उन्हात भाकरी उलटावी तसं त्याला आलटून पालटून शेकायची. डोळ्यांवर मात्र पदराची सावली. "उन्हाबिगर लेकराचं हाड धरत न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझी दोन्ही मुलं त्याच पायांवरून गेली. तिच्या हातचं एकही पोर वाकड्या पायाचं निघालं नाही, असा तिचा तोरा होता, आणि तो तिला शोभायचा.

भाऊजी गेल्यावर विलासनं तिला जालन्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. पण त्या भागात कारखान्यांची काळी धूळ इतकी, की सकाळी पुसलेला कठडा दुपारी बोट काळं करायचा. अक्काला खोकला सुरू झाला. तेव्हा विलासनं गॅलरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत्या काचा बसवल्या आणि आत वेताची खुर्ची टाकली. धूळ नाही, वारा नाही, नुसतं ऊन. मुलगा असावा तर असा, असं मी चार जणींत सांगितलं. अक्का रोज उजाडल्यापासून जेवणापर्यंत तिथंच. फोनवर मला चिडवायची, "तुह्या अंगणापेक्षा बेस ऊन हाय माह्या गॅलरीत!" कपाळावर घाम यायचा तिच्या. कुणाला कशाला शंका येईल...

मग तिच्या मांड्या दुखायला लागल्या. दिवाळीला गेले तर ती खुर्चीचे हात धरून उठत होती आणि डुलत डुलत चालत होती. वेणी घालताना माझा हात तिच्या बरगडीला लागला, तर कळवळली. "हळू गं... हाडं आतून दुखून राह्यले." वय झालं, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. डॉक्टरांनी रक्त तपासून दुधातून घ्यायच्या पुड्या दिल्या होत्या. त्या तिच्या सुपारीच्या डब्यात न फोडलेल्या सापडल्या. "उन्हाची कमी म्हणे! मला!" ती हसली. "रोज पोटभर ऊन खाऊन राह्यले मी, मंग ह्या पुड्या कशाला?" रिपोर्टच चुकला असेल, असं विलासही म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. त्याच वेळी एक चिमणी काचेवर येऊन आपटली. अक्का दचकली. "तिला दिसली न्हाई बिचारीला," म्हणाली. ती काच इतकी स्वच्छ पुसलेली असायची.

नात पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि अक्काला एकच ध्यास होता. "पल्लवीचं लेकरू माह्या पायावर न्हाऊ घालते, मंग देवानं खुशाल न्यावं." त्यासाठी ती गुपचूप जमिनीवर पाय लांब करून बसून बघायची. बसता यायचं, उठता यायचं नाही. अशीच एका सकाळी गॅलरीत बसली, खुर्ची धरून उठायला गेली आणि खुब्यात मोडली. धड पडलीसुद्धा नव्हती.

दवाखान्यात मी विलासच्या शेजारी उभी होते. "पण ती रोज गॅलरीत उन्हात बसते," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. डॉक्टरांनी विचारलं, "गॅलरीला काच आहे का?"

विलासनं मान डोलावली. डॉक्टर सावकाश म्हणाले, काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण उन्हातलं जे हाडांना लागतं ते जवळजवळ सगळं बाहेरच राहतं. त्या पुड्या तरी घ्यायला हव्या होत्या... विलास बाहेर येऊन जिन्यात बसला. घरी त्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्याला ते पेलवतच नव्हतं.

बाळ आलं तेव्हा अक्का अंथरुणावरच होती, छातीत कफ भरलेला. विलासनं मोबाइलवर बाळ दाखवलं. तिनं चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. "दुपटं काढ," म्हणाली, "पाय बघू दे." आणि मग विलासचा तो फोन आला.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेले. विलासनं दार उघडलं. गॅलरीतून पल्लवीचा आवाज येत होता. बघते तर अक्काच्या खुर्चीशेजारी अक्काचीच गोधडी, गोधडीवर तेलानं चमकणारं उघडं बाळ, आणि चहूकडून बंद काच. "रोज इथंच शेकते, मावशीआजी," पल्लवी कौतुकानं म्हणाली. "अक्काच्या जाग्यावर. तिला बरं वाटत आसंल न?"

मी विलासकडे पाहिलं. त्यानं भिंत धरली होती.

मी काचेला हात घातला. सरकेना. बसवल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती, खाचेत काळी धूळ घट्ट बसली होती. मी जोर लावत राहिले. मग विलास पुढे आला, खांदा लावून त्यानं ती रेटली, आणि रेटता रेटता तो लहान पोरासारखा रडायला लागला. काच करकरत मागे गेली. वारा आत आला, धूळ आली.

"आजी, धूळ!" पल्लवी ओरडली.

"येऊ दे," मी म्हणाले. "पुसता येते."

अक्का करायची तशी बाळाच्या डोळ्यांवर पदराची सावली धरली आणि रिकाम्या खुर्चीला टेकून खाली बसले. ऊन त्याच्या अंगावर आलं. त्यानं पाय ताणले. मी कितीतरी वेळ त्याचे पायच बघत होते.