बयोच्या मुठी

सासरी आल्या दिवशी मी माझ्या नणंदेला जीभ काढून वेडावून दाखवलं. हसा, खुशाल हसा. नाकात नथ आणि डोक्यात उजेड नाही, असं ते बारा वर्षांचं ध्यान जव्हारच्या घरात बायकांच्या घोळक्यात पाटावर बसवलेलं. समोर भिंतीला टेकलेली, माझ्याच वयाची एक मुलगी माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत होती, मान फिरवत होती, मुठी नाचवत होती. मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा करतेय. मग मी कशी ऐकून घेईन?

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ती बयो होती. जन्मापासून तिचे हातपाय आखडलेले, मान आपल्याच मर्जीने फिरणारी. ती वेडावत नव्हती, माझं नाव विचारत होती. आणि सगळ्या घरात एकटी तीच हसली. इतकी, की टेकल्या जागची घसरून पडली.

"थांब, येतंय," हे बयोचं नेहमीचं. शब्द ओठांशी यायला वेळ लागे, तेवढ्यात कुणीतरी विचारी, "पाणी हवंय का गं?" तिला पाणी नको असे, मामंजींच्या घोरण्याची नक्कल करायची असे. मग ती रागाने रडे. रडली की मुठी आणखी आवळत, नखं तळव्यात रुतत. सासूबाई एकेक बोट ओढून सोडवत, आणि दोघी रडत.

उन्हाळ्यात आम्ही साखरशेतला शेतावर राहायला जात असू. शेताखाली ओढ्याचा डोह होता. माझं माहेर खाडीकाठचं, पोहणं तेवढं मला येत होतं. बयोला पाठुंगळीला मारून नेलं, कमरेला सुके भोपळे बांधले आणि उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात उतरवलं. आधी ती लाकडासारखी ताठ. "वहिनी, सोडू नको." मग पाय सैलावले. मग, कुणी न ओढता, मुठी उघडल्या.

सासूबाई काठावर उभ्या होत्या. मी शिष्टासारखी ओरडले, "बळेच नाही ओढायच्या, सासूबाई! पाण्यात आपणहून उघडतात."

पाण्यात तिला शब्दही लवकर सापडत. एकदा उताणी तरंगताना म्हणाली, "तू वेडावलंस ना, तेव्हा बरं वाटलं. बाकी सगळे कीव करतात. माझ्याशी कुणी भांडतच नाही."

मी तिच्या तोंडावर पाणी उडवलं. तिनेही उडवलं, ते स्वतःच्याच तोंडावर.

मग बयो शहाणी झाली आणि सासूबाईंनी डोह बंद केला. "ओल्या कपड्यांत वयात आलेली पोर गावाने बघायची? लोक आधीच काय कमी बोलतात?" तोंडाळ म्हणून माझी ख्याती. त्या दिवशी मात्र मी खाली मान घालून "बरं" म्हणाले.

रोज दुपारी बयो विचारी, "वहिनी, डोह?" मी कामाचं निमित्त सांगे. पुढे तिने विचारणं सोडलं. "थांब, येतंय" हेही थांबलं. नक्कल नाही, भांडण नाही. मुठी छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून पडे. थंडीत ताप आला, तो तिला घेऊनच गेला.

शेवटची आंघोळ आम्ही दोघींनी घातली. मुठी आवळलेल्याच होत्या. मी रडत रडत तिची बोटं सोडवायला लागले. सासूबाईंनी माझा हात धरला आणि घंगाळ जवळ ओढलं.

"बळेच नको गं, पोरी. कोमट पाणी घाल. आपणहून उघडतील."