शेवटच्या थांब्याचं तिकीट

अनसिंगहून वाशीमला भाजी विकायला जाणाऱ्या मावशी रोज माझ्याच बसमध्ये असायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. प्रवासाच्या युक्त्या मात्र त्यांनीच शिकवल्या. "भाऊ, सकाळी डाव्या अंगाले बसत जाय, ऊन लागत नाही. बाटलीले ओलं फडकं गुंडाळ, थंड पाणी इकत घ्या लागत नाही." एवढं सांगून त्या खिडकीबाहेर बघत हरवून जायच्या.

एकदा त्या टोपलीशिवाय आल्या. वाशीमला मी उतरायला निघालो, तरी त्या बसूनच.

"मावशी, उतरायचं नाही?"

"नाही. शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं."

"तिकडं कोण आहे?"

"कोणीच नाही," त्या हसल्या, "म्हणून तं जाऊन राह्यली."

खिडकीच्या गजाला गाल टेकवून त्या निघून गेल्या. कचेरीला उशीर होत होता, तरी मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.