एकोणीस चेहऱ्यांचा चित्रालेख

दुसरीला गणित शिकवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी हमखास साठतात. पर्समध्ये खडूचे तुकडे आणि डोक्यात किस्से! तुकडे मी महिन्यातून एकदा झटकते. किस्से कुठे झटकणार? रोह्याहून सकाळची गाडी, पेणला उतरून मिनीडोर रिक्षा, आणि हमरापूरकडच्या आमच्या शाळेचा स्टॉप येईपर्यंत शेजारची कोणीतरी विचारतेच, "काय मग, काल काय केलं पोरांनी?"

मी मुळात तापट. पोरांना ते माहीत आहे. माझा ताप पाच मिनिटांत उतरतो, हेही माहीत आहे. त्यामुळे मला कोणी घाबरत नाही, हे माझं दुःख.

त्या वर्षी माझ्या वर्गात स्वरा होती. तिचे बाबा, नरेशभाऊ, गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. मूर्ती घासायला, रंगवायला दहाजण असतात, पण डोळ्यांना एकच हात लागतो. तो हात हायवेवर बाइक घसरून मोडला. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले "झालं बरं", पण ब्रश धरला की थरथर! दोन मूर्तींचे डोळे बिघडले, तेव्हापासून ते घरात बसून होते. मालकानं सांगून ठेवलं होतं, "नरेश, गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल." घरचं सगळं त्या हातावर. स्वरा आधीच अबोल, ती आणखी गप्प झाली.

*

नाण्या-नोटांचा धडा आला की मी वर्गात दुकान मांडते. पोरांनी घरून मातीचे बोटभर गणपती आणले होते. दुकानदार ओंकार. वर्गातला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

मी म्हटलं, "मूर्ती ऐंशी रुपयांची. माझ्याकडे पन्नासच आहेत. आता काय?"

उत्तर हवं होतं, "तीस कमी पडले." ओंकारनं कागदी पन्नास खिशात टाकले आणि पेन्सिल उचलली.

"कमी कुठं बाई? हा झाला ॲडव्हान्स. नाव सांगा. बाकीचे मूर्ती न्यायला याल तवा!"

मी नाव सांगितलं. करते काय!

*

दुसऱ्या दिवशी विचारलं, "सगळ्यात मोठी नोट कोणती?" सगळे ओरडले, "पाचशेची!" आयान उठून म्हणाला, "नाय बाई. माझ्या अब्बांची विसाची नोट पाचशेपेक्षा मोठी हाय."

वर्ग हसला. मीही हसले आणि वर ऐकवलं, "आयान, वीस मोठे की पाचशे? पहिलीत बसवू का परत?" पोरगं खाली मान घालून बसलं.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. रुमालात जपून बांधलेली नोट तिनं टेबलावर ठेवली. वीस दिनार! अब्बा कुवेतला होते. "बाई, मोबाईलवर आजचा भाव बघा," ती शांतपणे म्हणाली. बघितला, तर पाच हजारांच्या वर रुपये!

आयानला खुर्चीवर उभं केलं, सगळ्यांसमोर सांगितलं, "आयान बरोबर, बाई चूक." फार वाईट वाटलं होतं मला. पण तेव्हापासून फळ्यावर काहीही लिहिलं की मागून आवाज येतो, "बाई, नक्की ना?"

*

"शंभर रुपये मिळाले तर काय घ्याल?" असं विचारलं. बॅट, चॉकलेट, वडापाव... एकानं म्हैस सांगितली, शंभरात!

स्वराच्या पाटीवर लिहिलेलं होतं, "ब्रश."

"ब्रश कशाला गं?"

"बाबांचा जुना झालाय. तो थरथरतो."

मी "शाब्बास" म्हणून खडू आणायला ऑफिसात गेले. खडू हातातच होता.

*

मग चित्रालेख. कोणाला कोणतं फळ आवडतं, ते चित्रांनी दाखवायचं. मी फळ्यावर लिहिलं, एक चेहरा म्हणजे दोन मुलं. करवंदं पाच जणांना आवडत होती, म्हणून काढले अडीच चेहरे. पाचवा होता ओंकार.

"बाई, मी अर्धा?"

"अरे, हिशोबापुरता."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत त्याची आई दारात, कमरेवर हात! "बाई, आमच्या ओंकारला अर्धा केलात म्हणं? दोन भाकऱ्या खातो तो!"

झालं! त्याच दिवशी जाहीर केलं, एका मुलाला एक चेहरा, पूर्ण. एकोणीस मुलं, एकोणीस चेहरे. मोठ्या तक्त्यावर काढायचं काम स्वराला दिलं, कारण बापाचा हात पोरीत उतरलेला. सोमवारी केंद्रप्रमुख साहेब वर्ग बघायला येणार होते.

*

शनिवारी तिनं तक्ता दिला. वेण्या, टोप्या, ओंकारचा पडलेला दात, सगळं होतं. डोळे मात्र एकालाही नाहीत!

"स्वरा, डोळे?"

"ते बाबा काढतात. शेवटी."

"अगं, बाबांचा हात..." मी जीभ चावली. "तूच काढ ना."

"नाय बाई."

ओंकारनं बाजू घेतली, "आखणी दुसऱ्यानं करायची नसते, बाई!"

माझा ताप चढला. सोमवारी साहेब येणार आणि माझा वर्ग आंधळा? घेतला स्केचपेन आणि आयानच्या चेहऱ्याला एक डोळा काढला.

"बाई," मागून आवाज आला, "आयान तिरळा झाला."

स्वराचे डोळे भरले होते. तिनं तक्ता गुंडाळला आणि घरी घेऊन गेली. दिवसभर मी स्वतःला शिव्या घातल्या.

*

सोमवारी घंटा झाली तर दारात नरेशभाऊ. एका हातात स्वराचा हात, काखेत तक्ता. पाडवा चार दिवसांवर आलेला.

"बाई, हिला जरा समजवा. काल दिवसभर ह्यो माझ्यासमोर धरून बसली. मला आता नाय जमत." तक्ता परत द्यायला त्यांनी उलगडला आणि थबकले. "ह्यो डोळा कोणी काढला?"

सगळ्या वर्गानं माझ्याकडे बोट केलं.

नरेशभाऊंनी डोळ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"बाई, तुमचा तर हात मोडला नव्हता!"

आणि हसले. असे हसले की खाली सतरंजीवरच बसले. पोरं हसली, मीही हसले. डोळे पुसत त्यांनी हात पुढे केला, "द्या इकडं पेन."

डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. पहिला डोळा काढायला किती वेळ लागला! बाहुली जराशी सरकलीच. त्यांनी पेन उचलला, लेकीकडे बघितलं.

"कोण गो ह्यो?"

"ओंकार."

"मग बरोबर हाय. तो असाच बघतो."

दुसरा चेहरा. तिसरा. आयानचा तिरळेपणा त्यांनी कसा घालवला, देव जाणे. पोरं गोल करून बसलेली. दहाव्या चेहऱ्याला डावा हात मनगटावरून कधी सुटला, ते त्यांनाही कळलं नाही.

तेवढ्यात दारात साहेब! "काय चाललंय वर्गात?"

मी दचकून उठले. तोंड उघडणार, तोच वर्गात स्वतःहून कधी तोंड न उघडणारी स्वरा उभी राहिली आणि तिनं साहेबांना हात दाखवला.

"साहेब, तिथंच थांबा! आखणी चालू हाय."

साहेब चपला हातात घेऊन दारातच थांबले.