दत्तूमामांचे दोन हंगाम

दुबईत अल कुसैसच्या गोदामांमागच्या मैदानावर आम्ही रविवारी सकाळी फुटबॉल खेळायचो. बॉल बाहेर गेला की कडेला बसलेले दत्तूमामा तो उचलायचे, शर्टाला पुसायचे आणि हातानेच परत द्यायचे. पाय म्हणून लावायचे नाहीत. साठीला आलेले हे स्टोअरकीपर आमच्याच कोल्हापूरचे आणि एकेकाळचे लेफ्ट विंगर, हे कळल्यावर मी कारण विचारलं. म्हणाले, “पायानं एकदा पगार घेतलाय साहेब. लई महागात पडला.”

पगार देणारा होता एक कारखानदार. त्याने गावात पहिला व्यावसायिक क्लब काढला आणि निरनिराळ्या तालमींच्या फुटबॉल संघांतली चांगली पोरं उचलली. दोन हंगामांत त्याचा धंदा बसला, क्लबही बसला. बाकीचे खेळाडू आपापल्या तालमीत परतले. मामांच्या तालमीने मात्र त्यांना दारातूनच हाकललं. “पैशासाठी जर्सी सोडणाऱ्याला इथं जागा नाही,” असं सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत सुनावलं. तेव्हा मामांनी खेळ सोडला आणि गावही. तरी क्लबचा विषय निघाला की चेहरा खुलायचा. “खलास झाला खरा, पर नावापुरता क्लब नव्हता आमचा!”

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी कोल्हापूरच्या फुटबॉलवर लेख लिहीत होतो. मामांच्या क्लबला दोन पानं देण्याचा शब्द दिला. त्यांनी एकेका गोलासकट सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता आपल्या तालमीचं नावही. तिचे तेव्हाचे सेक्रेटरी म्हणजे माझे वडील, आण्णा. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याच लेखात मी त्यांना ‘दिलदार संघटक’ म्हणून बसलो होतो. मी मुकाट्याने ती दोन पानं काढून टाकली.

प्रकाशनाला मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. गावी पाठवायला पाच प्रती घेतल्या. एक उघडून शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा पहिल्यापासून.

“प्रिंटरने घोळ घातला मामा,” मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी कधी बोललो नव्हतो.

“क्लब कुठाय मामा?” कुणीतरी चिडवलं.

“प्रिंटरची चूक हाय. साहेबांस्नी बोलायचं न्हाई,” मामांनी त्यालाच दटावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात नोकरी संपवून ते कायमचे गावी निघाले. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा मला राहवेना. “मामा, पानं मीच काढली. ते सेक्रेटरी...”

“आण्णा. ठावं हाय की. तुमचं आडनाव ऐकलं तवाच वळखलं.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणून तर त्यांचं नाव एकदाबी घेतलं न्हाई. तुमास्नी लिहाया सोपं जावं म्हणून.”