रिकामा डबा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोला तर नाहीच. आमची मुलगी लहान असताना पाळणाघरात मासे खायची, ते माझ्या परवानगीने. परवानगी देताना मी पाळणाघरवाल्या काकूंना म्हणालो होतो की हिच्या आईला विचारलंय. विचारलं नव्हतं.

तेव्हा आम्ही मुलुंड पूर्वेला भाड्याने राहायचो. बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी पाळणाघरं बघत फिरायचो. एका ठिकाणी सगळी मुलं टीव्हीसमोर ओळीने बसवलेली. एका ठिकाणी फी ऐकली आणि समोरचं सरबत अर्धंच ठेवून उठलो. शेवटी मागच्या गल्लीतल्या बैठ्या चाळीत राहणाऱ्या मालवणी काकू बायकोने पसंत केल्या. दोन खोल्या, पण फरशी लख्ख, आणि झोपलेल्या मुलांच्या अंगावर धुतलेल्या साड्यांची पांघरुणं. काकूंचा नियम एकच होता. ज्याचा त्याने डबा आणायचा, त्यांच्या गॅसवरचं काही कुठल्याही मुलाला मिळणार नाही. त्यांच्याकडे मासे जवळजवळ रोज शिजत. तरीही आमच्यासारख्या शाकाहारी घरांतली चार-पाच मुलं तिथे असायची, ती या नियमाच्या भरवशावर.

मुलगी दोनची झाली आणि तिने जेवण सोडलं. डबा जसाच्या तसा परत यायचा. बायको ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी डबा उघडून बघायची. मग ओट्याशी उभी राहून तोच गार भात स्वतः खायची. डॉक्टर म्हणाले, वजन वाढत नाहीये. त्या रात्री ती म्हणाली, "मी नोकरी सोडू का रे?" मी म्हटलं, बघू. माझ्या एकट्याच्या पगारात घरभाडं भागलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी सोडायला मी जायचो. एकदा काकू दारातच म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी डब्याक हात लावणा नाय. माझ्या ताटाकडे बघत बसता. काल रडान रडान बांगडो मागल्यान. देव काय चिमटीभर, तिच्याच भातात कालवून?"

मी घड्याळ बघत होतो. "द्या."

"ताईंका विचारा हां आधी. माझ्याकडे असला चालत नाय."

"विचारलंय. तिची काही हरकत नाही."

इतकं सहज बोलून गेलो. मनात होतं, चार दिवस देऊन बघू, पोरगी जेवायला लागली की बंद करू.

त्या संध्याकाळपासून डबा रिकामा यायला लागला. बायको तो उलटा करून मला दाखवायची. तिचं हसू बघून मला काकूंना 'आता बंद करा' म्हणवेना. मुलीचे गाल भरले. नोकरी सोडायची भाषा थांबली. तीन-चार महिने घरात जरा शांतता होती आणि ती मला हवी होती.

मग एका रविवारी बायको तिला वरणभात भरवत होती. मुलीने घास तोंडात न घेता बोटांनी चिवडला आणि काहीतरी शोधायला लागली.

"काय शोधतेस गं?"

"काटा. काकू आधी काटा काढते."

बायकोने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघंही गेलो. मुलं न्यायची वेळ होती, दारात आणखी दोन मुलांच्या आया उभ्या होत्या. बायकोने आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "काकू, तुम्ही हिला मासे भरवता? मला न विचारता?"

काकू डबे विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून मुलीच्या सँडलचा पट्टा लावत होतो. पट्टा लागलेलाच होता, मी तो काढून परत लावला.

"ताई, तुमका—" एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "होय. भरवलंय मी."

मुलीला आम्ही तिथून काढलं. तिची गोधडी तिथेच राहिली होती, ती आणायला मी आठवड्याने गेलो. काकूंनी घडी घालून ठेवली होती. म्हणाल्या, "मी गप रवलंय, कारण तुमच्या घरात काय झाला असता ता माका कळता. पण तुम्ही कित्याक गप रवलात?"

"सांगतो मी तिला."

"लवकर सांगा. माझी पोरां जातत एकेक."

मी सांगितलं नाही. शाकाहारी घरांतली मुलं आधी गेली, मग त्यांचं बघून इतरही. दिवाळीनंतर पाळणाघर बंद झालं आणि काकू दोन घरी पोळ्या करायला जायला लागल्या. बाजारात दिसल्या की मी रस्ता ओलांडायचो.

आम्ही मुलीला मेन रोडवरच्या मोठ्या डेकेअरमध्ये घातलं. काचेवर जिराफ, जेवणाचा तक्ता, आणि फोनवर दिवसभर कॅमेरा. बायकोचा निम्म्याहून जास्त पगार तिथे जायचा. ऑफिसात दुपारी मी बाथरूममध्ये जाऊन फोन उघडायचो. छोट्या टेबलाशी बसून मुलगी दालखिचडी बोटांनी चिवडत असायची. बराच वेळ चिवडायची, मग ताट बाजूला सारायची. दीड वर्षाने बायकोने नोकरी सोडलीच. म्हणायची, चूक माझी, काकूंचं पाळणाघर मीच निवडलं होतं.

मुलगी आता दहावीत आहे. रविवारी मैत्रिणीकडे जाऊन सुरमईची थाळी खाते, घरी येऊन आईला वर्णन करून सांगते, आणि आई हसते. मला वाटलं होतं, विषय मिटला.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे, ऑफिस सुरू होतंय. काकूंच्या सुनेने त्याच खोल्यांत पुन्हा पाळणाघर काढलंय, काकू मदतीला बसतात, फीही झेपण्यासारखी आहे. "मामी, तुमची पण तिथेच होती ना? ठेवू का?"

फोन स्पीकरवर होता. मी मटार सोलत होतो.

"नको गं," बायको म्हणाली. "माशांचं मला काही नाही. पण त्या बाईने मला विचारलं नाही. आई होते मी. ते नाही विसरता येत."

भाची बरं म्हणाली. मी शेंगा सोलत राहिलो, रिकामी सालंही पुन्हा चाचपली. भाची आता कॅमेरावाली डेकेअर बघत फिरते आहे आणि फी ऐकून परत येते आहे.

काकूंनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, हे मला बायकोला सांगायचं आहे. मग भाचीला. मग संध्याकाळी मुलं न्यायच्या वेळी काकूंच्या दारात उभं राहून, आलेल्या आयांसमोर. यातलं अजून काहीही केलेलं नाही.