आण्णांचा फोन मी कट केला

माझ्या बापाने ज्या फोनची तीस वर्षं वाट पाहिली, तो मी कट केला.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं. आजपर्यंत हे फक्त बायकोला माहीत होतं.

आण्णा एअर फोर्समध्ये सार्जंट होते. पायलट नाही. फायटर विमानातली इजेक्शन सीट आणि तिचं पॅराशूट तयार ठेवायचं, हे त्यांचं काम. विमान पडायला लागलं की पायलट हँडल ओढतो आणि सीट त्याला घेऊन बाहेर उडते.

आमच्या आळे गावात लोक विचारायचे, "आण्णा, विमान किती येळा चालवलं?"

"एकदा बी न्हाई."

"मंग इतकी वर्षं केलं काय राव?"

"खुर्च्या बसवल्या."

सगळे हसायचे. आण्णाही हसायचे. मला मात्र लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. एकाने केलेलं काम दुसऱ्याने बघायचं, मग दोघांनी सह्या करायच्या. घरीही तेच. गॅसचा रेग्युलेटर बसवला की आईला हाक.

"अगं, तू बघ एकदा. आपलं काम आपल्याला चांगलंच दिसतं."

त्यांनी तयार केलेली सीट आयुष्यात एकदाच उडाली. पायलट वाचला, पण त्या झटक्याने त्याचा मणका मोडला. त्याला हॉस्पिटलला हलवलं, इकडे आण्णांची बदली झाली.

जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "तो पोरगा चालत असंल का रं?"

"अहो आण्णा, जीव वाचला ना त्याचा!"

"त्ये खरं. पण चालत असंल का?"

जायच्या वर्षभर आधीची गोष्ट. आण्णांचा मोबाईल माझ्या हातात होता. अनोळखी नंबर. पलीकडच्याने आण्णांचा एअर फोर्समधला सर्विस नंबर वाचून दाखवला.

"सार्जंट साहब का सर्विस नंबर यही है ना? ज़रा कन्फर्म कर दीजिए."

म्हटलं, पेन्शनवाल्यांना गंडवणारा दिसतोय. कट केला. ब्लॉक पण केला.

आण्णा ओट्यावरच बसले होते. दहा पावलांवर. 'तुम्ही बघा एकदा' एवढंसुद्धा म्हणालो नाही.

"कोन व्हतं रं?"

"फ्रॉडवाला."

"बरं केलंस."

दशक्रियेला एक साठीचे गृहस्थ आले. आण्णांच्या एअर फोर्समधल्या जुन्या जोडीदाराकडून बातमी कळली म्हणाले. गाडी आळेफाट्यावरच सोडलेली.

"उनके दरवाज़े तक तो अपने पैरों पर ही आना था."

मी त्यांना पाणी दिलं.

"पिछले साल फोन किया था. किसीने काट दिया."

कुणी कट केला, ते माझ्याच्यानं सांगवलं नाही.

साहेब, तो मीच होतो.

आता कुठलाही अनोळखी नंबर आला की मी पहिल्या रिंगला उचलतो. लोनवाल्यांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतो. बायको म्हणते, डोकं फिरलंय तुमचं. फिरलंयच.

आण्णा, तो पोरगा चालतो.

डावा पाय जरा ओढतो, पण फाट्यापासून आपल्या दारापर्यंत चालत आला.

तुमचं काम मी बघितलं. चोख आहे.

आता निवांत राहा.