अबोलीची मैत्रीण

अमरावतीहून अकोल्याला माहेरी निघालेली अबोली बडनेऱ्यापर्यंत पोचली की हमखास घरी फोन करायची. "गॅस बंद आहे ना, बघा बरं." पलीकडून सासरे मोरोपंत सांगायचे, "बंद आहे." मग मूर्तिजापूरहून तिचा दुसरा फोन जायचा, कारण मोरोपंतांनी बघताना चष्मा घातला होता का, हे विचारायचं राहून गेलेलं असायचं.

ती ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय बिस्कीट तोंडात टाकायची नाही. अशा बाईच्या हातून जे घडलं ते एका रविवारी, चांदूर रेल्वेजवळच्या शेतात, हुरडा खाताना घडलं.

शेत तिच्या मैत्रिणीचं, आकांक्षाचं. दरवर्षी जानेवारीत ती कॉलेजच्या जुन्या नऊ मैत्रिणींना हुरड्याला बोलवायची. गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, वांग्याचं भरीत, सगळं नेहमीसारखंच होतं. या वेळी फक्त एक स्टीलचा मोठा जग जास्तीचा होता. त्यात संत्र्याचा रस होता आणि रसात नाशिकची लाल वाइन होती. ते काही कुणी लपवलं नव्हतं.

"पी वं, अबोली. संत्र्याचंच त आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं द्राक्षाचं. तू त झाडाफुलांची मास्तरीण, तुले काय भ्या लागते फळाचं!"

अबोली प्यायली. गोड लागलं म्हणून आणखी प्यायली. परतताना गाडीत तिनं सगळ्यांना हुरड्याच्या दाण्याची रचना समजावून सांगितली, दोनदा.

तेरा दिवसांनी बाथरूममध्ये त्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, वाट बघून झाली होती. अबोली आनंदानं तिथंच बादलीवर बसली. तो आनंद अकरा मिनिटं टिकला. बाराव्या मिनिटाला तिला स्टीलचा ग्लास आठवला.

नवरा केयूर वकील. त्याला पहिली बातमी सांगून होते न होते तोच तिनं दुसरीही सांगितली. त्यानं विचार करून मत दिलं, "तुझा तसा इरादा नव्हता."

"बाळाला इरादा कळतो का रे?"

यावर वकीलसाहेबांनी पुढची तारीख मागितली.

मग ग्लास किती झाले, हा प्रश्न सुरू झाला. दोन, असं मन म्हणायचं. तीन, असं रात्री मन म्हणायचं. तिनं तसलाच ग्लास घरून प्रयोगशाळेत नेला आणि मोजपात्रानं पाणी मोजलं. अडीचशे मिली. ते गुणिले तीन करून ती घामाघूम झाली. शेवटी आकांक्षाला फोन लावला. दिवस गेल्याचं तिला सांगायची सोय नव्हती. तीन महिने भरल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

"आकांक्षा, त्या दिवशी मी किती प्यायले गं?"

"काहून? पोलीस आले का?"

"सहज विचारते."

"पंधरा दिवसांनी सहज? अवं, पुरा जग भरून रस अन् त्यात एकच बाटली. दहा जणींत. त्यातला अर्धा जग त आमच्या बाबानंच सरबत समजून पेला. संध्याकाळपर्यंत बैलाले समजावून राहिले होते."

बाबा बैलाला काय समजावत होते ते आकांक्षानं सविस्तर सांगितलं, पण अबोलीचं लक्ष नव्हतं. अर्धा जग वजा झाला, एवढाच तिला धीर आला. तो जेवणापर्यंत पुरला. खरं काय ते डॉक्टरच सांगू शकणार होत्या, आणि डॉक्टरांना विचारण्यात एक मोठी अडचण होती.

ती अडचण म्हणजे सासूबाई, विमलताई. पहिल्या तपासणीला सुनेसोबत सासूनं जायचं, ही त्या घरची रीत. विमलताईंच्या स्वयंपाकघरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्यासमोर वाइनचं नाव काढायचं म्हणजे काय? बातमी कळल्यापासून तर त्या सुनेला तळहातावर ठेवत होत्या. सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी लिंबाचं सरबत, रात्री शक्तीसाठी चमचाभर काळं गोड औषध. त्या प्रत्येक चमच्यागणिक अबोलीला अपराध्यासारखं वाटायचं.

दवाखाना राजापेठेत होता. डॉक्टर सुभद्राबाईंची पद्धत अशी की तपासायला एक जण आत गेली की पुढच्या तिघींनीही आतच बाकावर येऊन बसायचं, म्हणजे वेळ वाचतो. त्यामुळे अबोली खुर्चीवर बसली तेव्हा शेजारी सासू होती आणि मागं बाकावर परतवाड्याच्या आशाबाई, त्यांची सून आचल आणि एक स्वेटर विणणारी बाई होती.

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ डिसेंबर."

वजन झालं, रक्तदाब झाला. पडद्याआड सोनोग्राफीच्या यंत्रावर एक इवलासा ठिपका लुकलुकताना दिसला. "हे ठोके," डॉक्टर म्हणाल्या. अबोली रडली, पडद्याबाहेर विमलताईही रडल्या, आणि स्वेटरवाल्या बाईंचे टाके चुकले. पण परत खुर्चीवर बसल्यावर अबोलीच्या पोटात तो प्रश्न तसाच होता. आता नाही विचारलं तर तो नऊ महिने तिथंच राहणार होता, बाळाच्या शेजारी.

"डॉक्टर, माझी एक मैत्रीण आहे," ती म्हणाली. "तिलाही दिवस गेलेत. पण ते कळायच्या आधी तिनं एकदा... म्हणजे हुरड्याला... थोडी वाइन घेतली."

मागच्या बाकावर आचलनं सासूला कोपरानं ढोसलं.

"किती घेतली?"

"तीन ग्लास. पण पातळ होती. अर्धा जग दुसऱ्यांनीच संपवला."

"बरं. तिची शेवटची पाळी कधी?"

"आठ डिसेंबर," अबोली ताडकन म्हणाली.

पेन थांबलं. स्वेटरच्या सुया थांबल्या. मग आशाबाईंना राहवलं नाही.

"मैत्रीण लय जवळची दिसते, बाई!"

आचलनं पदर तोंडात कोंबला. अबोलीला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. सासूकडे बघायची तिची हिंमत होईना.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "तुमच्या मैत्रिणीला सांगा," त्या म्हणाल्या, "कळायच्या आधी असं किती तरी जणींच्या बाबतीत होतं. एका दिवशी थोडं घेतलं गेलं म्हणून बाळाला त्रास होण्याची शक्यता फार कमी असते. शंभर टक्के हमी मी कशाचीच देत नाही. पण झालं ते झालं, त्यावर रात्री जागू नका. यापुढे मात्र एक घोटही नाही. फॉलिकची गोळी रोज, तपासण्या वेळेवर. आणि हे मला सांगितलं ते बरं केलं. मैत्रिणीनं."

अबोलीनं मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा श्वास पुरता खाली उतरला. आता फक्त सासूबाई काय म्हणतात तेवढं राहिलं होतं.

विमलताईंनी घसा खाकरला.

"डॉक्टर, माझीही एक मैत्रीण आहे."

आशाबाई बाक सोडून पुढं सरकल्या.

"ती रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घेते. तीस-पस्तीस वर्षं झाली. पचनासाठी. पोटुशी होती तेव्हाही घ्यायची. परवा तिनं चष्मा लावून बाटली वाचली, तर त्यावर लिहिलंय की त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं."

"मग?"

"तिचा मुलगा आता वकील आहे. तसा ठीकच आहे. पण ती आठ दिवस सुनेलाही एकेक चमचा देत होती. शक्तीसाठी. परवापासून बंद केलंय. तेव्हापासून तिला झोप नाही."

अबोलीनं गर्रकन मान वळवली. बिस्किटाचा पुडा वाचणाऱ्या बाईनं ते काळं गोड औषध एकदाही वाचलं नव्हतं! आणि परवापासून ते का बंद झालं, हेही विचारलं नव्हतं.

आता डॉक्टर हसल्या. "दोघी मैत्रिणींना एकच सांगते. एवढ्यानं घाबरून जायचं नाही, पण ती बाटली सुनेपासून लांब. मला विचारल्याशिवाय घरचं कुठलंच औषध नको."

"अन् वकील पोराचं काय?" आशाबाईंनी विचारलं. "त्याचं कायी होईन का आता?"

ऑटोत इर्विन चौक गेल्यावर विमलताई हळूच म्हणाल्या, "मला आधीच सांगायचं गं. मी काय खाल्लं असतं तुला?"

"आई, तुम्हीही सांगायचं होतं."

"मला तुझी भीती वाटली. तू वाचणारी ना." मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, "संत्र्याबरोबर कशी लागते गं ती?"

सप्टेंबरात अकोल्याला अबोलीला मुलगी झाली. तीन किलो, धडधाकट, आवाज थेट सरकारी वकिलाचा. अबोलीनं हाताची बोटं मोजली, पायाची मोजली, मग विमलताईंनी चष्मा लावून पुन्हा मोजली. आकांक्षा भेटायला आली ती थर्मासभर संत्र्याचा रस घेऊन.

"निव्वळ रस आहे, काकू. आईची शप्पथ."

विमलताईंनी थर्मासचं झाकण उघडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून बराच वेळ वास घेतला आणि थर्मास व्याह्यांकडे, अबोलीच्या बाबांकडे, दिला.

"आधी तुम्ही प्या," त्या म्हणाल्या. "आम्ही तासभर वाट बघतो."